अक्काची नागीण आणि माझे तीन दिवस

अक्का, तू गेलीस त्याला आज सोळा दिवस झाले आणि आपला वाद अजून मिटलेला नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुध्या, हरलो म्हण आणि मोकळा हो." पण मी हरलेलो नाही. जिंकलेलोही नाही. घरी भेटायला येणाऱ्या तुझ्या शाळेतल्या मुली, ज्यांच्या मुलीही आता कॉलेजात आहेत, मला सांगतात की बाई फार शांतपणे गेल्या. मी मान हलवतो, पण मनात हसू येतं. तू आणि शांत! सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आपल्या गल्लीत, तुझा आवाज पिठाच्या गिरणीच्या वरताण ऐकू यायचा. पोस्टमन पत्ता विचारायचा तेव्हा लोक म्हणायचे, सरळ जा, जिथं बाई कुणाला तरी काहीतरी समजावून सांगताना ऐकू येतील ते घर.

वाद तुला पाठ आहे. तरी मला तो पहिल्यापासून मांडू दे. ज्याला पहिल्यापासून सांगता येत नाही त्याला ते आलेलंच नसतं, हे तू नववीच्या मुलींना सांगायचीस आणि माझ्या पीएच.डी.च्या काळात मलाही सांगायचीस.

हर्पीस कुळातले विषाणू. कांजिण्या आणणारा त्यातलाच एक, आणि ओठावर ताप उततो तो आणणारा त्याचा चुलतभाऊ. आयुष्यभर मी या चुलतभावाच्या मागे पुण्यात घासत बसलो, कारण काचेच्या बशीत तो जरा बरा नांदतो. कांजिण्या आल्या की फोड येतात, सुकतात, खपल्या पडतात, आई कडुलिंबाच्या पाण्यानं अंघोळ घालते आणि घरात सगळ्यांना वाटतं, गेलं एकदाचं. गेलेलं काहीच नसतं. विषाणू मज्जातंतूंच्या वाटेनं आत जातो आणि कण्याशेजारच्या, नाहीतर कवटीच्या तळाशी असलेल्या गाठींमधल्या पेशींत जाऊन बसतो. कायमचा.

"करतो काय तिथं बसून?" तू पहिल्यांदा विचारलंस तेव्हा भाजी निवडत होतीस.

"काहीच नाही," मी म्हणालो.

"काहीच नाही असं काही नसतं. माझ्या वर्गातपण काहीच न करणाऱ्या चार जणी असतात. त्या काय करतात ते मला ठाऊक असतं की."

मग मी तुला सांगितलं. आपल्या एका पेशीतला डीएनए उलगडून ताणला तर जवळजवळ दोन मीटर भरेल. तो मावतो, कारण हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या इवल्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी सैल, तिथली जनुकं पेशीला वाचता येतात. जिथे घट्ट, तिथली असून नसल्यासारखी. विषाणूचा डीएनए पेशीच्या केंद्रकात शिरतो तेव्हा उघडाबोडका असतो, एकही रीळ नाही. आणि पेशी काय करते? काही तासांत त्याच्यावर आपलीच रिळं चढवते. परक्याला स्वतःच्या घरातले कपडे घालते. पुढे त्या रिळांच्या शेपट्यांवर बारीक रासायनिक खुणा बसतात, 'बंद' अशा अर्थाच्या, आणि विषाणूची सत्तर-ऐंशी जनुकं जवळजवळ सगळीच्या सगळी मुकी होतात. प्रथिन तयार होत नाही, म्हणून शरीराच्या पहारेकऱ्यांना काही दिसत नाही. औषधालाही धरायला काही सापडत नाही. डीएनएचं एक अक्षरही बदललेलं नसतं. पुस्तक जसंच्या तसं आहे, पानं चिकटवलेली आहेत.

तू हातातली मेथीची जुडी खाली ठेवलीस. तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी त्याआधी हे दहा जणांना सांगितलं होतं, माझ्या मार्गदर्शकांना, परीक्षकांना. पण कुणी असा आ वासला नव्हता. "म्हणजे हे आत्ता माझ्यात चाललंय?" तू म्हणालीस. "इथं बसून भाजी निवडताना?"

आणि लगेच तो प्रश्न टाकलास, ज्यावर आपण वीस वर्षं भांडलो. "गप्प कोण करतं, सुध्या? पेशी त्याला गप्प करते, का तोच आपणहून गप्प बसतो?"

तुझं मत पक्कं होतं. पेशी करते. घर तिचं, रिळं तिची, खुणा करणारी यंत्रणाही तिची. वर्ग गप्प असला तर श्रेय बाईंचं. मी म्हणायचो, अगं, विषाणूचा फायदा बघ. आरडाओरडा करेल तर पेशी मरेल किंवा पहारेकरी येतील. गप्प राहिला म्हणून तर पन्नास वर्षं फुकट राहायला मिळतं. काही भाऊबंद तर बंद पुस्तकातलं एकच पान उघडं ठेवतात आणि त्या पानावरून निघणारी चिठ्ठी बाकीची पानं चिकटलेली राहायला मदत करते असं दिसतं. तू म्हणायचीस, तुला चोराचीच बाजू घ्यायची सवय आहे, पगार तोच देतो ना तुला.

मग तू ते वर्गात नेलंस. अभ्यासक्रमात नव्हतं तरीही, तुझं नेहमीचंच. सोलापुरातल्या मुलींना गुंडाळी शिकवायला चित्र कशाला लागतं? अर्ध्या वर्गाच्या आया घरी कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी ती छोटी नळी, जिच्यावरचा धागा चादरीत आडवा विणला जातो. तू एक भरलेली कांडी टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, हा बघा गुंडाळलेला धागा, म्हणजे बंद झालेला धागा, याची चादर होत नाही. पाठीमागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तेलुगू घरातली, वर्गात फारशी न बोलणारी. ती म्हणाली, "पण बाई, कांडी भरत्यात ते उलगडायलाच की. न भरता धोट्यात घातलं तर गुंता हुतो."

त्या दिवशी शाळेच्या ऑफिसातूनच तू मला फोन केलास. मधल्या सुट्टीचा गोंगाट ऐकू येत होता. "तुझ्या बाजूनं एक साक्षीदार मिळाली," तू ओरडून म्हणालीस, "आणि ती चौदा वर्षांची आहे. सुध्या, गुंडाळी ही शिक्षा नसेलच तर? सांभाळून ठेवणं असेल तर?" मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा होतो. तेव्हापासून मी भाषणांत ते वाक्य वापरत आलो, आणि ते कुणाचं आहे हे मात्र प्रत्येक वेळी सांगितलं. एवढं तरी मी प्रामाणिकपणे केलं.

आता पुढचं. इथपर्यंत लिहिताना हात छान चालला होता.

गेल्या वर्षीचा एप्रिल. तुझा फोन आला की उजवी भुवई आणि तिच्या वरचा भाग भाजल्यासारखा होतोय, कंगवा फिरवला तरी कळ येते. मी म्हणालो, चष्म्याचा नंबर बदलला असेल, तपासून घे. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, कपाळावर पुटकुळ्या आल्यात. मी म्हणालो, सोलापूरचा उन्हाळा, घामोळं असेल, बर्फ लाव. तू फोटो पाठवलास. मी तो बोटानं मोठासुद्धा केला नाही. आणि मी तेव्हा काय करत होतो ते तुला कधीच सांगितलं नाही, अक्का. मी एका व्याख्यानाच्या स्लाइड बनवत होतो. विषय होता, झोपलेला विषाणू जागा कसा होतो.

पंचवीस वर्षं मी या कुळाची झोप मोजली. कोणत्या रिळावर कोणती खूण, किती तासांनी, सगळं मला पाठ. पण त्यातला एखादा माणसाच्या कपाळावर उठून येतो तेव्हा कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. बशीतल्या पेशींना कपाळ नसतं.

ओळखलं तुझ्याकडे धुणंभांडी करणाऱ्या रखमाबाईंनी. गावच्या जत्रेला गेलेल्या रखमाबाई चौथ्या दिवशी सांगोल्याकडून परत आल्या, धुण्याची बादली उचलायला आत आल्या आणि तुझ्याकडे बघून थबकल्या. हे तूच मला रंगवून सांगितलंस, त्यांच्या आवाजात. "बाई, ह्ये घामोळं न्हाय. नागीण हाय. नाकाच्या शेंड्याला बी आलीया बगा. माज्या सासूला अशीच आली हुती, डोळा गेला तिचा. उठा, रिक्षा आणते मी." आणि दारातून परत फिरून, "आदी गेरू लावू का?" तू म्हणालीस, "लाव, पण रिक्षात लाव." मग तू अर्ध्या कपाळाला गेरू फासून नेत्रतज्ज्ञांपुढे जाऊन बसलीस, आणि ते आधी गेरूवर चिडले आणि नंतर उशिरावर, कारण यावरचं औषध पहिल्या दिवसांतच सुरू करावं लागतं.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला की डोळ्याला धोका, हे वैद्यकीय पुस्तकात असतं. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या त्या बाईला ते सासूच्या डोळ्यावरून कळलं होतं. मला दोन्हीकडून कळलं नाही.

मी आलो तेव्हा तुझ्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. बसमधून येताना सगळा रस्ता मी एक वाक्य घोकत होतो. मोडनिंबला गाडी थांबली तेव्हा ते मला तोंडपाठ झालं होतं. घरी आलो, तुझ्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसलो, आणि ते वाक्य म्हणायच्या ऐवजी तुला हिस्टोन समजावत बसलो.

तूच निमित्त दिलंस म्हणा. "म्हणजे ह्या आठवीतल्याच कांजिण्या?" तू विचारलंस. "नव्या नाहीत?"

"त्याच."

"एकोणपन्नास वर्षं?"

"हो."

तू उरलेल्या एका डोळ्यानं माझ्याकडे बघत राहिलीस. वेदना इतक्या होत्या की पंख्याचा वारा कपाळाला लागू नये म्हणून तू टॉवेल धरून बसली होतीस. आणि तू म्हणालीस, "माझं बी.एस्सी. झालं, नोकरी झाली, लग्न झालं, हे गेले, आई गेली, मी रिटायर झाले, आणि हा सगळा वेळ आत बसून होता? एक शब्द न बोलता? बाप रे, सुध्या! काय चीज आहे ही!" ज्यानं तुझा डोळा खाल्ला त्याचं तू कौतुक करत होतीस. मी माझ्या क्षेत्रातली मोठी मोठी माणसं पाहिली आहेत. असं आश्चर्य वाटून घेण्याची ताकद मला कुणातच दिसली नाही, माझ्यात तर नाहीच.

"आणि उठवलं कुणी त्याला?"

मी सांगितलं की वय वाढतं तसा शरीराचा पहारा ढिला पडतो. आणि चुलतभावात तरी आम्हाला असं दिसतं की पेशीवर ताण आला की 'बंद'ची खूण लगेच पुसली जात नाही. तिच्या अगदी शेजारी दुसरी एक बारीक खूण येऊन बसते, आणि पहिली खूण वाचणारं प्रथिन तिथून निसटतं. पाटी तशीच, पण पाळणारं कुणी नाही. थोडा वेळच, पण तेवढा पुरतो. तू टॉवेलाआडून हसलीस. म्हणालीस, आमच्या शाळेत 'शांतता राखा' अशी पाटी होती, तिचं हेच व्हायचं.

तेवढ्यात रखमाबाई चहा घेऊन आल्या. त्यांना एकच काळजी होती. नागिणीचं तोंड शेपटाला लागलं की माणूस राहत नाही. तू त्यांना जवळ बसवलंस आणि बोटानं स्वतःच्या कपाळाच्या मधोमध रेघ ओढून दाखवलीस. "लागत नाही गं. ही बघ, रेघ ओलांडतच नाही. उजवीकडच्या गाठीतून निघालेली तार उजवीकडंच येते. तिला पलीकडचा रस्ताच नाही."

"व्हय? कुणी सांगितलं?"

"माझ्या भावानं. तो शास्त्रज्ञ आहे यातलाच."

रखमाबाईंनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी मान खाली घालून बशीत चहा ओतत होतो.

डोळा गेला नाही पूर्ण. बुबुळावर धुकं राहिलं. तू भिंगानं वाचायला लागलीस आणि भिंगालाच 'सुध्या' म्हणायला लागलीस, कारण तेही जवळ धरलं तरच उपयोगी पडतं. मी हसायचो. तू त्या तीन दिवसांबद्दल एक शब्द काढला नाहीस. महिन्यामागून महिने गेले. मी दर फोनला ठरवायचो आणि दर फोनला तुला नवीन प्रयोग सांगायचो, आणि तू तो मन लावून ऐकायचीस.

मग या जानेवारीत मी आलो, गड्ड्याची जत्रा भरली होती. तुला जायचंच होतं. गर्दीत तू म्हणालीस, "माझ्या उजव्या बाजूनं चाल, तिकडून येणारी माणसं दिसत नाहीत मला." मी उजवीकडे आलो. तू माझा दंड धरलास. पाळण्यांचा आवाज, कर्णे, भज्यांचा धूर, आणि त्या सगळ्यात तू एकदम म्हणालीस, "तुला कांजिण्या माझ्यामुळं आल्या होत्या, माहीत आहे का?"

मला माहीत नव्हतं.

"आईनं दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. घरात फोडणीसुद्धा बंद. तुला आत सोडायचं नाही म्हणून मला बजावलं होतं तिनं. तू उंबऱ्याशी बसून रडायला लागलास. पाच वर्षांचा होतास. मला राहवेना. आई विहिरीवर गेली तेव्हा मी तुला चादरीत घेतलं. दोन आठवड्यांनी तू तापानं फणफणलास, चार दिवस डोळे उघडले नाहीस. आई देवाला बोलत बसली आणि मी गप्प राहिले. तिला कधी सांगितलं नाही. तुलाही नाही. चूक माझी होती, सुध्या."

एवढं बोलून तू थांबलीस. वीसेक पावलं आपण तसेच चाललो. मी म्हणालो, "अगं, लहान होतीस तू." आणि घड्याळ बघून विचारलं की पुण्याची शेवटची बस किती वाजता आहे.

सोळा दिवस मी त्या वीस पावलांवर अडकलोय. तू तुझी पन्नास वर्षांपूर्वीची चूक उकरून काढलीस, जी चूकसुद्धा नव्हती, एका रडणाऱ्या पोराला जवळ घेणं होतं, आणि मग माझ्यासाठी जागा रिकामी ठेवून चालत राहिलीस. शाळेत तू अशीच करायचीस. एखाद्या मुलीनं काही लपवलं असलं की आधी स्वतःची एखादी फजिती सांगायचीस आणि वाट बघायचीस. मी ते हजार वेळा ऐकलं होतं. तरी कळलं नाही.

तुला अग्नी दिला त्या संध्याकाळी मी फोनमधला तो फोटो उघडला आणि पहिल्यांदा मोठा केला. फोड सगळे उजवीकडे, कपाळाच्या मधोमध येऊन मोजपट्टी लावल्यासारखे थांबलेले. कुठलाही विद्यार्थी ओळखेल. आणि तो बघता बघता दुसरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. तुझ्या गाठीत राहिलेला विषाणू त्या आगीत तुझ्याबरोबर गेला. पण त्याच आठवड्यातला, त्याच चादरीतला, तुझ्या अंगावरून माझ्या अंगावर आलेला त्याचाच वंश माझ्यात आहे. आत्ता. माझ्याच रिळांवर गुंडाळलेला, माझ्याच पेशींनी खुणा केलेला. मी पाच वर्षांचा असल्यापासून माझ्या पेशी तुझ्याकडून आलेला धागा भरून ठेवताहेत. मी आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली ज्याच्या चुलतभावाला शोधत होतो तो माझ्या कवटीच्या तळाशी होता आणि तो तू दिलेला होता. याला काय म्हणायचं मला कळत नाही. मला रडूही येत होतं आणि ही रचना किती थोर आहे असंही वाटत होतं, दोन्ही एकदम. तू असतीस तर फक्त दुसरं केलं असतंस.

गप्प कोण करतं याचं उत्तर अजून कुणाकडे नाही, अक्का. बहुधा दोघंही. मी कबूल करतो की तुझी बाजू माझ्या बाजूइतकीच खरी निघते आहे. पण हे मला तुझ्यासमोर म्हणायचं होतं, तुझं "बघ!" ऐकायला.

काल मी नागिणीची लस घ्यायला गेलो. पन्नाशीनंतर घ्यावी असं मीच चार वर्षं लोकांना सांगत होतो आणि स्वतः टाळत होतो. ही लस विषाणूला हाकलत नाही. पहारा कडक करते, म्हणजे तो उठायला लागला तरी त्याला आवरता येतं. तो आत राहणार, फक्त झोपलेला. एवढ्यासाठीच गेलो. तो जाऊ नये असं मला वाटतं, हे मी कुठल्याही परिषदेत बोलू शकणार नाही.

डॉक्टर तरुण होत्या. कागद भरता भरता त्यांनी विचारलं, घरात कुणाला नागीण झाली होती का. म्हणालो, बहिणीला, डोळ्याला झाली होती. त्या मान वर न करता म्हणाल्या, "औषध वेळेवर मिळालं का त्यांना?"

म्हणालो, "नाही. तिनं मला वेळेवर सांगितलं होतं. मी उशीर केला."

त्यांनी लिहायचं थांबवलं. बाहेर कुणाचं तरी मूल रडत होतं. मग त्या उठल्या, कापसानं माझा दंड पुसला आणि म्हणाल्या, "हात सैल सोडा."

मोडनिंबपर्यंत पाठ केलेलं वाक्य हेच होतं, अक्का. ते मी एका अनोळखी बाईला सांगून आलो. तुला ऐकवायचं राहिलं.